साडेबारा सेंटिमीटरची श्रीमंती

हातातला मोबाइल फोन जरा जमिनीवर उभा धरून पाहा. पंधरा-सोळा सेंटिमीटर उंची भरेल. आता अशी कल्पना करा की साडेतीन कोटी रुपये मोजून एक गाडी दारात आणली आहे आणि तिच्या पोटाखाली हा फोन उभा मावत नाही, आडवा करावा लागतो. लॅम्बोर्गिनी कंपनीची हुराकान ही गाडी २०१४ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची शोरूममधली किंमत साधारण एवढीच होती आणि जमिनीपासून तिच्या पोटापर्यंतचे अंतर होते साडेबारा सेंटिमीटर. आपल्या कॉलनीत उभ्या असलेल्या साध्या छोट्या गाडीचे हेच अंतर सोळा-सतरा सेंटिमीटर असते. किंमत पन्नास पटींनी वाढली आणि गाडी दोन बोटे खाली आली!

‘असली गाडी आम्हाला कुठे घ्यायची आहे?’ असे म्हणून पान उलटू नका. एक तर हल्ली कोणाच्या घरात कधी काय येईल याचा नेम नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्या मुलांनी अभ्यासाच्या टेबलासमोर लॅम्बोर्गिनी काउंटाशचे पोस्टर चिकटवले होते, ती मुले आता पंचेचाळीस-पन्नाशीची झाली आहेत. कोणी कंपनी विकली, कोणाच्या जमिनीला भाव आला, कोणी दुबईहून परतला. नवी नाही तर वापरलेली का होईना, पण ‘ती’ गाडी घ्यायचीच, असे मनात धरलेला एखादा भाऊ, दीर किंवा जावई बऱ्याच कुटुंबांत सापडतो. आणि त्याचे म्हणणे ठरलेले असते, ‘नुसती झाकून ठेवायला नाही घेत मी. रोज ऑफिसला नेणार.’

रोज नेता येईल का, एवढाच आजचा विषय. दुसरे कारण असे की ही गाडी रस्त्यावर जिथे अडते, तिथे खरे तर आपण सगळेच अडलेले असतो. पण ते पुढे येईलच.

आधी एवढी बुटकी गाडी करतातच का ते पाहू. भरलेला तांब्या आणि भरलेले ताट हातात घेऊन वळणावर पळून पाहा. तांब्या कलंडतो, ताट कलंडत नाही. गाडीचे वजन जितके जमिनीलगत, तितकी ती वळणावर स्थिर. शिवाय ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने जाताना हवेला जेवढी कमी छाती दाखवावी तेवढे बरे, आणि गाडीच्या पोटाखालून शिरलेली हवा तिला वर उचलू नये म्हणून पोटही रस्त्याला टेकायला आलेले हवे. शर्यतीच्या मैदानावर ही गोष्ट इतकी महत्त्वाची की फोर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या एका गाडीच्या नावातच तिची उंची आहे. जीटी ४० मधले ४० म्हणजे चाळीस इंच. आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा वीतभर जास्त.

मैदानावरची ही रचना रस्त्यावरच्या श्रीमंतांना आवडली आणि इटलीतल्या कारखान्यांनी ती विकायला काढली. फेरूचिओ लॅम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टर बनवणारे. १९६३ मध्ये त्यांनी मोटारींची कंपनी काढली आणि १९६६ मध्ये मिउरा ही गाडी आणली. तिचे इंजिन बसणाऱ्यांच्या पाठीमागे आडवे होते. मग १९७४ मध्ये काउंटाश विक्रीला आली, कात्रीसारखे वर उघडणारे दरवाजे असलेली, उंची जेमतेम एक मीटर सात सेंटिमीटर. मागचे काही दिसतच नसे. म्हणून ती मागे घ्यायची झाली तर चालक दरवाजा वर उघडत, उंबऱ्यावर बूड टेकवून धड बाहेर काढत आणि मान मागे वळवून गाडी मागे नेत. ही युक्ती इतकी प्रसिद्ध झाली की पुढे तीच या गाडीची ऐट ठरली. अडचण पुरेशी महाग असली की तिची ऐट होते, हा नियम पैठणीपासून इटालियन गाडीपर्यंत सगळीकडे लागू असावा.

बसायचे कसे, उठायचे कसे

हुराकानची एकूण उंची एक मीटर साडेसोळा सेंटिमीटर. म्हणजे चारचौघांच्या छातीच्या खालीच तिचे छप्पर येते. तिच्यात बसणे म्हणजे खुर्चीवर बसणे नव्हे, ते पाटावर बसणे आहे, आणि पाटासमोर पाय लांब करायचे. आधी पाय आत टाकून बसायला गेलात तर डोके छपरावर आपटते. आधी पाठ गाडीकडे करायची, अलगद खाली बसायचे, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळवायचे. साडी नेसलेल्या बाईला हीच पद्धत सोयीची. उतरताना याच्या उलट, आणि उठताना दरवाजाच्या कडेला घट्ट हात टेकवून. ज्यांची गुडघेदुखी सुरू झाली आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. घरात सत्तरीची आई असेल, तर मुलाने गाडी घेतली याचा तिला आनंद होईल, पेढेही वाटेल, पण तिला देवळात नेण्यासाठी दुसरीच गाडी काढावी लागेल.

जागा दोघांचीच. मागे सीट नाही, कारण तिथे इंजिन आहे. सामानाची जागा पुढच्या बोनेटखाली, एक मध्यम बॅग मावेल एवढी. शाळेतून दोन मुले आणायची असतील तर दोन फेऱ्या. भाजी आणता येते, पण कोथिंबीर सीटवरच्या माणसाच्या मांडीवर.

आत बसले की पहिली जाणीव होते ती उंचीची. शेजारी थांबलेल्या बसचे चाक डोळ्यांच्या समोर येते. दुचाकीवाल्याचा गुडघा खिडकीशी. ट्रकच्या चालकाला उंचावरून शेजारची लहान मोटारसुद्धा नीट दिसत नाही. ही तर त्याच्या दरवाजाच्या काचेखाली पूर्ण नाहीशी होते. गाडी बुटकी असली तरी लहान नसते, हेही लक्षात ठेवावे लागते. हुराकानची रुंदी एक मीटर ब्याण्णव सेंटिमीटर, म्हणजे अनेक मोठ्या एसयूव्हींपेक्षा जास्त. जुन्या पुण्यातल्या पेठांत किंवा दिल्लीच्या करोलबागेत समोरून टेंपो आला, तर दोघांपैकी एकालाच मागे जावे लागते आणि टेंपोवाला जाणार नाही.

गर्दीत गाडी कशी वागते, हे ती किती जुनी आहे त्यावर आहे. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी हे नीट ऐकावे. २००३ ते २०१३ या काळात निघालेल्या लॅम्बोर्गिनी गॅलार्डोमध्ये किंवा त्या सुमाराच्या फेरारींमध्ये क्लचचे पेडल नसलेला जो गिअरबॉक्स येई, तो खरा ऑटोमॅटिक नव्हता. साधाच क्लच, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबत असे. सिग्नलला इंचाइंचाने पुढे सरकताना, चढावर उभी करताना, पार्किंगमध्ये मागे घेताना हा क्लच अर्धवट घसरत राहतो आणि जळतो. शर्यतीच्या मैदानावर बरीच वर्षे टिकणारी प्लेट शहरातल्या गर्दीत लवकर संपते. ती बदलण्याचे बिल पाहिले की माणूस रिक्षाने जाऊ लागतो. पुढच्या पिढीत, म्हणजे फेरारीत २००८-०९ पासून आणि लॅम्बोर्गिनीत हुराकानपासून, दोन क्लचचा गिअरबॉक्स आला. तो गर्दीत पुष्कळ शहाण्यासारखा वागतो. म्हणून स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी गाडी उचलण्याआधी क्लच किती उरला आहे याचा यंत्रावरचा आकडा मागून घ्यावा. तो काढता येतो. ‘साहेब, गाडी एकदम नव्यासारखी आहे’ हे वाक्य त्याला पर्याय नाही.

उष्णतेबद्दल थोडक्यात सांगायचे तर इंजिन पाठीमागे हातभर अंतरावर असते. मे महिन्यात बोरिवलीहून नरिमन पॉइंट गाठणे म्हणजे गादीवर टेकून तंदूरकडे पाठ करून बसणे. गाडीचे पंखे कारखान्यासारखे घोंगावतात. एसी चालतो, पण त्यालाही दम लागतो.

गतिरोधकाचे गणित

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अशा गाडीच्या मालकाला रात्री झोपेत दिसतो तो चोर नव्हे, स्पीड ब्रेकर.

या उंचवट्याचा आकार कसा असावा हे आपल्या देशात ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणारी संस्था. तिने १९८८ मध्ये गतिरोधकाची मापे घालून दिली आणि २०१८ मध्ये ती मार्गदर्शिका नव्याने काढली. १९८८ ची मापे अशी: उंची १० सेंटिमीटर, रुंदी (म्हणजे गाडी जाते त्या दिशेने लांबी) ३.७ मीटर आणि वरचा गोलवा १७ मीटर त्रिज्येचा. ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून आरामात जावे, हा हिशेब. वर काळे-पांढरे पट्टे रंगवायचे, ४० मीटर आधी सूचनेची पाटी लावायची.

आता आपली बुटकी गाडी या नियमातल्या उंचवट्यावर नेऊ. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.६२ मीटर. उंचवटा ३.७ मीटर लांब. म्हणजे गाडी बरोबर मध्ये आली की तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात. चाके जिथे टेकली आहेत त्या पातळीपेक्षा उंचवट्याचा माथा किती वर येतो, हे शाळेतल्या वर्तुळाच्या गणिताने काढता येते. उत्तर येते सुमारे पाच सेंटिमीटर. साडेबारातून पाच गेले, साडेसात उरले. पोट घासण्याचा प्रश्नच नाही! चढाची सुरुवात होते तिथला उतारही फक्त सहा अंशांचा. नाक थोडे सांभाळले की झाले.

म्हणजे नियमाने बांधलेला गतिरोधक जगातल्या अतिशय बुटक्या गाड्यांनाही अडवत नाही. मला स्वतःला हे गणित मांडेपर्यंत खरे वाटले नव्हते. ‘आपल्या रस्त्यांवर या गाड्या चालणारच नाहीत’ असे आपण किती सहज म्हणून टाकतो.

अडवतो तो दुसराच. गणपतीच्या मंडपासमोर, सोसायटीच्या फाटकाशी, एखाद्या नगरसेवकाच्या घराबाहेर रातोरात उगवलेला. डांबराचा एक लांबट ढीग, मीटरभर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच, ना रंग ना पाटी. हा ढीग गाडीच्या दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, त्यामुळे त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखाली येते. साडेबारातून पंधरा वजा करा. अगदी दहाच सेंटिमीटर उंच पण अरुंद असला, तरी उरतात अडीच, आणि पुढचे चाक उतरताना स्प्रिंग दबतात त्यात तेही जातात. खर्रर्र असा आवाज येतो. तो कार्बन फायबरचा असेल तर आणखी महाग.

हे तुमच्या गाडीलाही लागू आहे हो! सतरा सेंटिमीटरमधून पंधरा गेले की दोनच उरतात. मागे तीन पाहुणे, डिकीत गावाकडचे तांदळाचे पोते आणि आंब्याची पेटी असली की गाडी तेवढी खाली बसलेलीच असते. खालून घासल्याचा तो आवाज ऐकून गाडीतले सगळे एकदम दात-ओठ आवळतात. मग कोणीतरी उतरते, गाडी रिकामी करून पलीकडे नेतात आणि पुन्हा बसतात. लॅम्बोर्गिनीवाला वेगळे काही सोसत नाही.

अशा जागी बुटक्या गाडीचा चालक दोन गोष्टी करतो. एक, नाक वर उचलण्याचे बटण दाबतो. हल्लीच्या बहुतेक अशा गाड्यांत पुढचा भाग चार-साडेचार सेंटिमीटर वर उचलणारी यंत्रणा मिळते. घेताना ती वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. भारतात ती नसलेली गाडी घेणे म्हणजे छत्री न घेता कोकणात जाणे. अमेरिकेतल्या कॉर्व्हेट या गाडीने तर २०२० च्या मॉडेलमध्ये आणखी पुढची सोय आणली. एकदा अडचणीची जागा दाखवली की गाडी उपग्रहाच्या मदतीने ती लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तिथे पोचताच आपोआप नाक वर करते. अशा एक हजार जागा तिला लक्षात राहतात. आपल्याकडे हजार जागा एका वॉर्डात संपतील.

दुसरे, तो गाडी तिरपी घालतो. एका वेळी एकच चाक चढवायचे, म्हणजे पोटाखाली उंचवटा सरळ येत नाही. पण तिरपी घातली की दोन्ही लेन अडतात, मागून हॉर्न सुरू होतात, डावीकडच्या फटीतून दुचाक्या घुसतात आणि शेजारचा मुलगा मोबाइलवर चित्रण करत अगदी दरवाजाला खेटतो. या गाड्यांना पाहणाऱ्या लोकांचा जाच ही कौतुकाची गोष्ट वाटते, पण चालकाला त्यातूनच वाट काढायची असते.

खड्ड्यांचे गणित वेगळे. ते टायरच्या जाडीवर ठरते. हुराकानचे पुढचे टायर २४५/३० या मापाचे. यातला दुसरा आकडा सांगतो की टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३० टक्के, म्हणजे सव्वासात-साडेसात सेंटिमीटर. ऑल्टोच्या १४५/८० मापाच्या टायरला हीच भिंत साडेअकरा सेंटिमीटरची. खड्ड्याच्या धारेवर आदळल्यावर रबराने जो मार खायचा तो खायला इथे रबरच नाही. मार थेट चाकाच्या रिमला बसतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, खोली कळत नाही, म्हणून मुंबई-पुण्याकडच्या या गाड्या जून ते सप्टेंबर कव्हरखाली बसतात.

साहेबांची लाल फेरारी

आपल्या लोकांना अशा गाडीची पहिली खरी ओळख झाली ती सचिन तेंडुलकरमुळे. २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्याने एकोणतिसावे कसोटी शतक करून ब्रॅडमनची बरोबरी केली. त्या निमित्ताने फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली आणि मायकेल शूमाकरच्या हातून तिच्या चाव्या दिल्या. गाडी भारतात आणायची तर सीमा शुल्क भरावे लागणार होते, सुमारे एक कोटी तेरा लाख रुपये. ते माफ करण्याची गोष्ट २००३ मध्ये निघाली आणि देशभर वाद पेटला. देशाचा लाडका खेळाडू असला म्हणून काय झाले, असे एका बाजूचे म्हणणे. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी फियाटनेच शुल्क भरले. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली आणि पुढच्या वर्षी ‘फेरारी की सवारी’ या चित्रपटामुळे ती घराघरांत पोचली.

त्या वादात सगळी चर्चा कराची झाली. गाडी वापरली कशी गेली याची फारशी झाली नाही. सचिन मुंबईत गाडी काढायचा ती रात्री उशिरा किंवा पहाटे, रस्ते रिकामे असताना. त्यात चाहत्यांच्या गर्दीचा भाग मोठा होता हे खरे. पण ज्यांना कोणी ओळखत नाही असे मालकही आज तेच करतात. रविवारी सकाळी सहाला निघायचे, सागरी सेतू, कोस्टल रोड किंवा अटल सेतू गाठायचा, आणि आठच्या आत घरी. २००९ मधला सागरी सेतू आणि २०२४ मध्ये उघडलेले दुसरे दोन, हे मुंबईतले मोठे बिनगतिरोधकाचे रस्ते. तिथेही वेगाची मर्यादा आहे. कोस्टल रोडवर ताशी ८० किलोमीटर, अटल सेतूवर १००. हुराकान ताशी ३२५ ने जाऊ शकते. तीनशे पंचवीसची गाडी ऐंशीने चालवायची आणि तेही आठवड्यातून एकदा! दिल्लीत आणि हैदराबादेत रस्ते रुंद आहेत, बंगळूरमध्ये तेही नाहीत.

गाडी उभी राहूनही खर्च करतेच. बॅटरी उतरते, म्हणून चार्जर सतत जोडून ठेवायचा. एकाच जागी महिनोन्‌महिने उभे राहून टायर चपटे पडतात. रबरी सील सुकतात. खरे तर अशी यंत्रे थोडी थोडी रोज चालवलेली बरी. बाकी खर्चाचे विचारू नका. महाराष्ट्रात मोटारीचा एकरकमी कर जास्तीत जास्त २० लाख होता, तो जुलै २०२५ पासून ३० लाखांपर्यंत गेला. पेट्रोलही साधे चालत नाही, जास्त ऑक्टेनचे लागते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० पासून शंभर ऑक्टेनचे पेट्रोल काही शहरांत विकायला आणले, ते या मंडळींच्या कामाला येते.

मग जगात कोणी अशी गाडी रोजच्या वापरासाठी केलीच नाही का? केली. जपानच्या होंडाने १९९० मध्ये एनएसएक्स ही गाडी आणली. उंची हुराकानएवढीच, इंजिन पाठीमागेच, शरीर सगळे ॲल्युमिनियमचे. पण बाहेरचे चौफेर दिसेल अशा काचा, हलका क्लच, गर्दीत गरम न होणारे इंजिन आणि होंडाचा नेहमीचा भरवसा. शर्यतवीर आयर्टन सेना याने ती चालवून सूचना दिल्या होत्या. मॅकलारेन एफ वन ही नव्वदच्या दशकातली सर्वांत वेगवान गाडी घडवणारे गॉर्डन मरे यांनीही नमुना म्हणून एनएसएक्सच डोळ्यांसमोर ठेवली होती. तिच्यामुळे इटलीच्या कारखान्यांना कळले की वेगवान गाडी रुसकी असलीच पाहिजे असे नाही. जर्मनीची पोर्शे ९११ तर १९६० च्या दशकापासून हेच सांगत आहे. मागे का होईना, लहान मुले बसतील अशा दोन सीट, बाहेर नीट दिसणाऱ्या काचा. माझ्या ओळखीत कोणी विचारलेच, तर रोजच्या शहरासाठी मी याच गाडीचे नाव घेईन, नाक उचलण्याच्या यंत्रणेसह.

आता इटलीवालेही नमले आहेत. लॅम्बोर्गिनीची उरुस ही उंच एसयूव्ही भारतात २०१८ च्या जानेवारीत आली. गरज पडली की ती पोट जमिनीपासून जवळजवळ पंचवीस सेंटिमीटर वर उचलते. २०२२ मध्ये हुराकानचीच ‘स्टेराटो’ आली, नेहमीच्या गाडीपेक्षा ४४ मिलिमीटर उंच, कच्च्या रस्त्यासाठी. म्हणजे सतरा सेंटिमीटरच्या आसपास. आपल्या छोट्या गाडीएवढीच, आणि किंमत साडेचार कोटींच्या वर.

ज्यांना उंच गाडी परवडते त्यांनी उंच गाडी घेऊन प्रश्न सोडवला. ज्यांना गाडीच परवडत नाही त्यांचे काय? डांबराचा तो बिनरंगी ढीग अंधारात स्कूटरवाल्याला दिसत नाही. मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई असते, ती उडते. रिक्षात बाळंतपणाला निघालेली असते, रुग्णवाहिकेत कंबरेचे हाड मोडलेला माणूस असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१५ सालच्या आकडेवारीत खड्डे, गतिरोधक आणि अर्धवट कामे असलेले रस्ते या तीन कारणांनी मिळून दहा हजारांहून अधिक माणसे एका वर्षात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. गतिरोधकावरून पडलेल्या माणसाला मात्र ‘हळू चालवायचे ना’ एवढेच ऐकायला मिळते. तो ढीग आपणच सोसायटीच्या सभेत हात वर करून मागून घेतलेला असतो, मुले बाहेर खेळतात म्हणून. मागणी चुकीची नाही. फक्त ३.७ मीटरच्या जागी एक मीटरमध्ये काम उरकले की डांबर वाचते आणि कंत्राटदार लवकर घरी जातो.

तेव्हा घरातल्या कोणी अशा गाडीसाठी टोकन द्यायचे ठरवलेच असेल, तर आधी त्याच्या हातात मोजपट्टी द्या. घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता एका रविवारी पायी किंवा स्कूटरवर पालथा घालावा. प्रत्येक गतिरोधकाची उंची आणि रुंदी वहीत लिहावी. सोसायटीच्या तळघरातला उतारही मोजावा, विशेषतः तो जिथे संपून सपाट जमीन सुरू होते तो कोपरा, कारण नाक तिथेच आपटते. रुंदी तीन मीटरच्या वर आणि उंची दहाच्या आत असेल तिथे बरोबरची खूण करावी. बाकीच्यांची यादी खुणेच्या जागेसह, फोटो काढून, वॉर्ड ऑफिसच्या रस्ते विभागाला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अर्जावर शेजारच्या दुचाकीवाल्यांच्याही सह्या घ्याव्यात. एकट्या लॅम्बोर्गिनीवाल्याचा अर्ज वाचून तिथले कारकून हसतील, चाळीस स्कूटरवाल्यांचा अर्ज तरी दाखल करून घेतील.